हिशेब मागता, मग हिशेब ठेवणाऱ्याला बजेटमधून का काढता?

प्रति,
विदर्भातील स्वयंसेवी संस्थांना अनुदान देणाऱ्या कंपन्यांचे सीएसआर (म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चाचे) विभाग, कंपनी फाउंडेशन आणि देणगीदार न्यास यांस,

सप्रेम नमस्कार.

मी परतवाड्यात राहते आणि एका छोट्या संस्थेत अनुदान व्यवस्थापक म्हणून काम करते. आमची संस्था दोन ठिकाणी काम करते. वर मेळघाटात, धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतल्या कोरकू गावांत बालपोषणाचे काम चालते. खाली दर्यापूर-अंजनगावकडच्या खारपाणपट्ट्यात आम्ही शेततळी करतो. मी स्वतः तळे खोदत नाही की मुलाचे वजन घेत नाही. तुमच्याकडून निघालेला रुपया त्या तळ्यापर्यंत आणि त्या मुलापर्यंत नेणे, आणि तो पोहोचल्याचा कागद तुमच्यापर्यंत परत आणणे, हे माझे काम. प्रस्ताव, बजेट, एमओयू (देणगीदाराशी होणारा करार), कोटेशन, व्हाउचर, बँकेचा ताळमेळ, पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र, अहवाल, ऑडिट या सगळ्यात माझी चौदा वर्षे गेली.

फेब्रुवारीत आमच्या एका देणगीदाराची मेल आली. नाव घेत नाही, कारण प्रश्न त्या एका कंपनीचा नाही. मेलमध्ये दोन गोष्टी होत्या. पहिली, जास्तीत जास्त निधी थेट लाभार्थ्यांपर्यंत जावा म्हणून पुढच्या वर्षीच्या बजेटमधून ‘अनुदान व लेखा व्यवस्थापन’ ही ओळ काढून टाकली आहे. दुसरी, तिमाही अहवालाऐवजी आता दरमहा अहवाल हवा, प्रत्येक खर्चाचे व्हाउचर स्कॅन करून पोर्टलवर चढवायचे आणि प्रत्येक कामाचा जिओटॅग केलेला, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेला, फोटो जोडायचा.

पहिल्या परिच्छेदात माझा पगार गेला आणि दुसऱ्यात माझे काम तिप्पट झाले. लिहिणाऱ्याच्या हे लक्षातही आले नसावे. मला याचेच वाईट वाटले.

मी दोन आठवडे थांबले. यवतमाळ, वर्धा, गडचिरोलीकडच्या संस्थांत हेच काम करणाऱ्या माणसांना फोन केले. शब्द वेगळे होते, पण गोष्ट बहुतेक ठिकाणी हीच होती. कुणाची ओळ याच वर्षी गेली, कुणाची दोन वर्षांपूर्वी, कुणाच्या बजेटमध्ये ती कधी नव्हतीच. एक मुलगी म्हणाली, “ताई, माझा पगार ‘वाहतूक’ या हेडमधून निघतो.” खरा हिशेब ठेवायला नेमलेल्या माणसाचा पगारच खोट्या हेडखाली दाखवावा लागतो, ही वेळ तिच्यावर आणि तिच्या संस्थेवर कुणी आणली, याचा विचार तुम्ही करावा. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहीत आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. हिशेब कमी मागा, असे मी म्हणत नाही. अनुदान खाऊन बसलेल्या संस्था मी पाहिल्या आहेत. एकाच शिबिराचे फोटो तीन देणगीदारांना पाठवणारेही पाहिले आहेत. तुम्ही तपासता ते योग्यच आहे. मी एम.कॉम. झाले त्या अमरावतीच्या विद्यापीठाला गाडगेबाबांचे नाव आहे. बाबा याच जिल्ह्यातले, अंजनगाव तालुक्यातल्या शेंडगावचे. लोकांच्या पैशांतून त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या आणि त्यात स्वतःसाठी किंवा घरच्यांसाठी काही ठेवले नाही. दुसऱ्याचा पैसा हातात आला की तो कसा सांभाळायचा, हे आमच्या भागाला नव्याने शिकवावे लागत नाही. मी हे काम धरून ठेवले ते त्यामुळेच. अमरावतीत एका सीएच्या ऑफिसात नोकरी होती, ती सोडून इथे आले. वर्षाच्या शेवटी रुपया न रुपया जुळतो तेव्हा होणारा आनंद मला दुसऱ्या कशातच मिळालेला नाही.

आता तक्रारी एकेक करून सांगते.

१. पाच टक्क्यांचा नियम आमच्यासाठी नाही

बजेटच्या चर्चेत दरवेळी ऐकायला मिळते, “कायद्याने प्रशासकीय खर्च पाच टक्केच चालतो.” हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकले आहे की आमच्या संस्थेतल्या लोकांनाही ते खरे वाटू लागले होते. म्हणून नियम काढून वाचला. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खालचे सीएसआर नियम जानेवारी २०२१ मध्ये बदलले. त्यात पाच टक्क्यांची मर्यादा आहे, पण ती ‘प्रशासकीय खर्चा’ची आहे, आणि प्रशासकीय खर्च म्हणजे काय याची व्याख्याही तिथेच दिली आहे: कंपनीने स्वतःच्या सीएसआर कामाच्या सर्वसाधारण व्यवस्थापनावर केलेला खर्च. एखाद्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यावर थेट झालेला खर्च त्यातून वगळला आहे. कंपनी व्यवहार मंत्रालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये प्रश्नोत्तरांचे परिपत्रक काढले. अंमलबजावणी करणाऱ्या संस्थेचा व्यवस्थापन खर्च या ‘प्रशासकीय खर्चा’त धरायचा नाही, असे त्यातही म्हटले आहे.

म्हणजे ही मर्यादा तुमच्या मुख्यालयातल्या सीएसआर विभागासाठी आहे. ती घाट चढून धारणीला कशी आली?

त्याच नियमांत आणखी एक गोष्ट आहे. दिलेला निधी ठरल्या कामावर ठरल्या पद्धतीने खर्च झाला, याची खात्री कंपनीच्या संचालक मंडळाने करून घ्यायची आणि मुख्य वित्त अधिकाऱ्याने तसे प्रमाणित करायचे. त्या अधिकाऱ्याची सही ज्या कागदावर होते, त्याच्या तळाशी आमचे उपयोगिता प्रमाणपत्र असते. त्या प्रमाणपत्राच्या तळाशी टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधली नोंद, नोंदीच्या तळाशी व्हाउचर आणि व्हाउचरच्या तळाशी मेळघाटातल्या सेमाडोहच्या एका टेम्पोवाल्याची सही. ही साखळी जोडणारी मी एकटी आहे. मला काढल्यावर तुमचा वित्त अधिकारी कशाच्या भरवशावर सही करणार?

परदेशी निधीचे नियम वेगळे आहेत, तेही माहीत आहेत. २०२० च्या दुरुस्तीने परदेशी देणगीतला प्रशासकीय खर्च ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आला आणि एका संस्थेने दुसरीला परदेशी निधी देणे बंद झाले. आमच्यासारख्या छोट्या संस्थांना मोठ्या संस्थांमार्फत मिळणारी मदत तेव्हाच आटली. त्यानंतर आमचा सगळा भार तुमच्यावर आला. म्हणून हे तुम्हालाच सांगावे लागते आहे.

२. पैसा पावसाला विचारून पाठवा

हा मुद्दा मला सर्वांत जास्त छळतो, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

खारपाणपट्टा म्हणजे पूर्णा नदीच्या खोऱ्यातला, अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेला पट्टा. तिथे जमिनीखाली पाणी आहे, पण ते खारे. विहीर खोदा, बोअर मारा, ते पाणी ना पिकाला चालते ना माणसाला. वरून पडणारा पाऊस साठवला तरच गोडे पाणी. म्हणून तिथे शेततळे म्हणजे शेतकऱ्याचा एकुलता एक आधार. आणि शेततळे खोदायचे दिवस मोजके. हरभरा निघाला की मार्चपासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत शेत मोकळे असते. एकदा पाऊस पडला की ती काळी माती अशी फुगते आणि चिकटते की पायातली चप्पल निघत नाही, तिथे जेसीबी कसा घालणार?

एका वर्षी आमचा प्रस्ताव डिसेंबरमध्ये मंजूर झाला. एमओयूवर सह्या एप्रिलमध्ये झाल्या. त्यानंतर कंपनीच्या विधी विभागाने एक कलम बदलले, मग पुन्हा स्टॅम्प पेपर, पुन्हा सह्या. पहिला हप्ता खात्यात आला तो जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात. शेतात पऱ्हाटी (कपाशी) आणि तूर पेरून झाली होती. ज्यांच्या शेतात तळी व्हायची होती त्या शेतकऱ्यांच्या घरी मी आणि आमचा फिल्डवरचा सहकारी गेलो. एक काका म्हणाले, “मॅडम, आता कुठी मशीन टाकता? पऱ्हाटी उभी हाय. तूर निंगाल्यावर या.”

तूर जानेवारीत निघते. तोवर आमचा पैसा खात्यात पडून होता आणि तुमच्या डॅशबोर्डवर आमचे नाव लाल रंगात होते, ‘कमी खर्च’ म्हणून. दर महिन्याला मला लेखी खुलासा मागितला गेला. दर महिन्याला मी तेच लिहिले: शेतात पीक उभे आहे. डिसेंबरच्या बैठकीत विचारले गेले, “हा निधी दुसऱ्या ॲक्टिव्हिटीवर वळवता येईल का? प्रशिक्षणे घ्या.” त्या शेतकऱ्यांना प्रशिक्षण नको होते, पाणी हवे होते. शेवटी फेब्रुवारी-मार्चमध्ये जेवढी झाली तेवढी तळी केली आणि उरलेला पैसा ३१ मार्चला परत पाठवला. ज्यांची नावे यादीत होती पण तळी झाली नाहीत, त्यांना नाही सांगायला मीच गेले होते. तुमच्या वतीने कुणी आले नव्हते.

आणि हे ‘३१ मार्चला परत’ही कायद्याने बंधनकारक नाही. सुरू असलेला बहुवर्षीय प्रकल्प म्हणून मंजुरी घेतली, तर न खर्चलेला निधी आर्थिक वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या खात्यात ठेवून पुढच्या तीन आर्थिक वर्षांत खर्च करता येतो. ही तरतूद कलम १३५ मध्येच आहे. एक वर्षाचा एमओयू करण्याची सवय तुमची आहे. तिचा दोष कायद्याला देऊ नका.

मेळघाटाचे तर उलटे. तिथे काम करायचे दिवस पावसाळ्याचे. जून ते सप्टेंबर घरातले धान्य संपत आलेले असते, आई शेतात असते, पोरांना जुलाब-ताप सुरू होतात, नाल्यांना पूर येऊन रस्ते बंद पडतात. कुपोषित मुले अतितीव्र गटात घसरतात ती याच महिन्यांत. त्या वेळी गावात आमची कार्यकर्ती मुलांचे कुपोषण ओळखायची दंडघेराची पट्टी घेऊन दारोदार फिरत असली पाहिजे. पण ‘ऑडिट केलेली युसी (उपयोगिता प्रमाणपत्र) आल्याशिवाय पुढचा हप्ता नाही’ असा तुमचा नियम. आमचे सीए अमरावतीला, त्यांच्याकडे सगळ्या ट्रस्टांच्या फायली एकदम येतात आणि ऑडिट अहवाल सप्टेंबरपर्यंत चालतो. म्हणजे ज्या चार महिन्यांत पैसा सर्वांत जास्त लागतो, त्याच चार महिन्यांत तो अडतो. मागे एकदा दोन कार्यकर्त्यांनी तीन महिने पगाराशिवाय काम केले. त्यातली एक चौथ्या महिन्यात सोयाबीन काढायला गेली. तिला मी थांब म्हणू शकले नाही.

मग मार्चमध्ये तुमचे फोन येतात: गावात बैठका घ्या, बजेट संपवा. मार्चमध्ये कोरकू गावात होळी असते. दिवाळीनंतर कामाला बाहेर गेलेली माणसे होळीला परततात, पाच दिवस सण चालतो, फगवा मागितला जातो. होळी झाली की पहाटेच मोहफुले वेचायला घरातले सगळे जंगलात जातात. त्या दिवसांत पोषणाच्या बैठकीला कोण बसणार? ज्या बैठका त्या महिन्यात होतात, त्यांच्या हजेरीपत्रकाकडे मी स्वतः संशयाने पाहते.

३. पक्के बिल कुठून आणू?

गावातल्या बचतगटाच्या बायका आमच्या प्रशिक्षणाचा स्वयंपाक करतात. चाळीस माणसांचे जेवण, दोन वेळचा चहा. त्यांनी वहीच्या पानावर लिहून दिलेली पावती तुमच्या ऑडिटरने नामंजूर केली, कारण त्यावर जीएसटी क्रमांक नव्हता. वर्षाला वीस लाखांच्या खाली सेवा देणाऱ्याला, किंवा चाळीस लाखांच्या खाली माल विकणाऱ्याला, साधारणपणे आपल्या राज्यात जीएसटी नोंदणी बंधनकारक नाही. बचतगटाची उलाढाल याच्या जवळपासही जात नाही. म्हणजे त्या बायकांची पावती कायद्याप्रमाणे बरोबर होती. तरी ती रक्कम ‘अमान्य खर्च’ ठरली. ऑडिटरने सल्ला दिला की धारणीच्या हॉटेलातून जेवण मागवा. मग तुम्ही महिलांच्या उपजीविकेसाठी अनुदान देता ते कशासाठी?

अंगठ्याच्या बाबतीतही तेच. ज्यांना सही येत नाही त्यांचा अंगठा घेतो, साक्षीदाराची सही घेतो, मोठ्या रकमेला महसूल तिकीट लावतो. दहा हजारांवरची रक्कम एका माणसाला एका दिवशी रोख देत नाही, कारण आयकराचा तो नियम ट्रस्टलाही लागू आहे. हे सगळे सांभाळूनही पोर्टल विचारते, “डिजिटल पेमेंटचा पुरावा?” ज्या गावात फोन लावायला टेकडीवर जावे लागते, तिथल्या बैलगाडीवाल्याकडे यूपीआयचा पुरावा मागू नका.

४. एक काम, पाच साचे

आमच्याकडे सध्या पाच देणगीदार आहेत. पाचांचे बजेटचे साचे वेगळे, पोर्टल वेगळे, ‘लाभार्थी’ शब्दाची व्याख्या वेगळी. एक म्हणतो कुटुंब मोजा, एक म्हणतो माणसे मोजा, एक म्हणतो अप्रत्यक्ष लाभार्थीही धरा. १२अ आणि ८०जी ही आयकराची प्रमाणपत्रे, सीएसआर-१ ही कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची नोंदणी, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा क्रमांक, पॅन, तीन वर्षांचे ऑडिट, विश्वस्तांचे आधार, धर्मादाय कार्यालयाचा उतारा हे सगळे पाचही जण मागतात, दरवर्षी मागतात, आणि मागच्या वर्षी दिले होते असे सांगितले तर “सिस्टिममध्ये दिसत नाही” असे उत्तर मिळते. विश्वस्त बदलल्याचा फेरफार अर्ज धर्मादाय कार्यालयात प्रलंबित असेल, तर तुमचा विभाग तो आमचा दोष धरतो. अर्ज आम्ही वेळेत दिलेला असतो, पोच आमच्याकडे असते. सुनावणीची तारीख आमच्या हातात नसते.

आणि सगळे इंग्रजीत. आमची कार्यकर्ती गावातले कोरकूत ऐकते, मराठीत लिहिते, मी ते इंग्रजीत करते आणि तुमच्याकडचा कुणी ते दोन ओळींत उरकतो. एका आईने मुलाला केंद्रात का आणले नाही, याचे तिने सांगितलेले कारण शेवटी ‘जागरूकतेचा अभाव’ होऊन बसते. तिने सांगितले होते की नाल्याला पूर होता.

५. माझा चौथा हिस्सा

माझा पगार चार प्रकल्पांत वाटलेला आहे, प्रत्येकी पंचवीस टक्के. टाइमशीटमध्ये दररोज लिहायचे, कोणत्या प्रकल्पाला किती तास दिले. एक प्रकल्प बंद झाला की माझा चौथा हिस्सा बिनपगारी होतो, पण बंद झालेल्या प्रकल्पाचे काम तिथे थांबत नाही. शेवटची युसी, शेवटचे ऑडिट, वर्षभराने येणारी शंका, दोन वर्षांनी मागितलेले व्हाउचर हे सगळे माझ्याच टेबलावर येते. हे काम विनामूल्य होते, हे कुणालाही माहीत नसते.

माझा करार दरवर्षी ३१ मार्चला संपतो. चौदा वर्षांत मी चौदा वेळा एप्रिल उजाडायची वाट पाहिली आहे. मुलाच्या शाळेची फी, घराचा हप्ता, सासूबाईंचे औषध हे सगळे त्या एका तारखेला टांगलेले असते. बँकेने गृहकर्जासाठी नियुक्तिपत्र मागितले, तेव्हा अकरा महिन्यांचे पत्र दाखवावे लागले.

माझ्या हाताखाली तीन मुले तयार झाली. तिघेही हुशार, तिघेही याच भागातले. एक पुण्याला एका कंपनीच्या सीएसआर विभागात गेला, तिप्पट पगारावर. मला त्याचा अभिमान आहे, त्याने जायलाच हवे होते. पण आता तो जे अहवाल मागतो, ते लिहिणारा माणूस इथे उरलेला नाही. हे काम शिकवणारा एकही अभ्यासक्रम आमच्या तालुक्यांजवळ नाही. माणूस कामावरच घडतो, दोन-तीन वर्षे लागतात, आणि तो घडला की टिकवायला आमच्या बजेटमध्ये ओळ नसते. मग संस्थाचालक स्वतः रात्री बसून अहवाल भरतात, चुका होतात, आणि तुम्ही म्हणता ग्रामीण संस्थांची क्षमता कमी आहे. क्षमता वाढवायला तुम्ही दोन दिवसांची कार्यशाळा घेता, नागपूरच्या हॉटेलात. त्या कार्यशाळेच्या खर्चात आमच्याकडचा एक लेखापाल किती महिने राहिला असता, हे मी एकदा मांडून पाहिले होते. इथे लिहीत नाही, कारण आकड्यापेक्षा तुमची इच्छा हा प्रश्न मोठा आहे.

आता आमच्या मागण्या.

प्रत्येक प्रकल्पाच्या बजेटमध्ये अनुदान आणि लेखा व्यवस्थापनाचा खरा खर्च स्वतंत्र ओळीत, त्याच्या खऱ्या नावाने मंजूर करा. पाच टक्क्यांची मर्यादा आमच्यावर लावू नका, आणि लावायचीच असेल तर कोणत्या नियमाने लावता ते लेखी द्या.

एमओयू किमान तीन वर्षांचा करा. पाण्याच्या कामाचा हप्ता मार्च संपायच्या आत आणि पोषणाच्या कामाचा हप्ता मेअखेरपर्यंत खात्यात पडला पाहिजे. ऑडिट पूर्ण होईपर्यंत सीएने सही केलेल्या तात्पुरत्या युसीवर पुढचा हप्ता सोडा. ही सोय काही देणगीदार आजही देतात, म्हणजे ती अशक्य नाही.

अहवाल तिमाहीच राहू द्या. विदर्भात काम करणाऱ्या देणगीदारांनी एकत्र बसून बजेटचा एक साचा, अहवालाचा एक साचा आणि कागदपत्रांचा एक संच ठरवावा. मराठीतला अहवाल स्वीकारावा. इंग्रजीत हवा असेल तर भाषांतर तुमच्याकडे करून घ्यावे.

बचतगट, बैलगाडीवाले, छोटे दुकानदार यांच्या साध्या पावत्या, अंगठा आणि साक्षीदारासह, एका ठराविक रकमेपर्यंत मान्य करा. ती रक्कम किती असावी हे आमच्याशी बोलून ठरवा. ऑडिटरला पाठवताना त्यालाही ते लेखी सांगा. खर्च अमान्य करण्यापूर्वी आमचे म्हणणे ऐकून घ्या.

प्रकल्प थांबवायचा असेल तर तीन महिने आधी कळवा, आणि बंद करण्याच्या कामाचे, म्हणजे अंतिम युसी, ऑडिट आणि त्या माणसाचा पगार यांचे पैसे द्या. आम्ही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर पंधरा दिवसांत द्या. आम्हाला उशीर झाला की तुम्ही लाल खूण करता. तुमच्या उशिराचीही नोंद त्याच डॅशबोर्डवर असावी.

शेवटची मागणी भेटीची. तुमची माणसे डिसेंबर-जानेवारीत येतात. हवा छान असते, चिखलदऱ्याला मुक्काम होतो, गावात स्वागत होते. एकदा जुलैत या. परतवाड्याहून घाट चढून सेमाडोह, हरिसाल करत धारणीला या, आणि तिथून आमच्या कार्यकर्तीबरोबर एका गावात चालत जा, नाल्याला पाणी असेल तर ते उतरेपर्यंत तिच्यासोबत थांबा. संध्याकाळी परतवाड्याला उतरून माझ्या टेबलाशी बसा. त्या दिवसाची व्हाउचरे मी तुमच्यासमोर टॅलीत चढवीन.

ज्या देणगीदाराने फेब्रुवारीत आमची ओळ काढली, त्यांनी एप्रिलचे बजेट अंतिम करण्यापूर्वी ती परत घालावी, अशी विनंती मी त्यांना वेगळ्या पत्राने केली आहे. उत्तर आलेले नाही. या महिन्याचा अहवाल मात्र आम्ही वेळेत भरला आहे, स्कॅन केलेल्या व्हाउचरांसह.

आपली,
एक अनुदान व्यवस्थापक
परतवाडा, ता. अचलपूर, जि. अमरावती